संगमनेर विधानसभा मतदारसंघ

संगमनेर : अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या 12 विधानसभा मतदारसंघांपैकी एक; क्रमांक 217. खुला मतदारसंघ. लोकसभेसाठी तो शिर्डी या अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघात येतो. 2008 च्या पुनर्रचनेपूर्वी तो कोपरगाव लोकसभा मतदारसंघात होता.

प्रवराकाठचे संगमनेर शहर, नदीच्या दोन्ही तीरांवरची बागायती गावे आणि साकूर परिसराचा दुष्काळी पठार भाग असा याचा विस्तार आहे. तालुका आणि मतदारसंघ यांच्या सीमा मात्र जुळत नाहीत. पुनर्रचनेत तालुक्याच्या पूर्वेकडची आश्वी परिसरातली गावे शिर्डी मतदारसंघात गेली. त्यांतच जोर्वे आहे, म्हणजे बाळासाहेब थोरातांचे गाव. ज्या नेत्याने संगमनेरचे प्रतिनिधित्व 39 वर्षे केले, त्याचे गाव राधाकृष्ण विखे पाटलांच्या मतदारसंघात मोडते. राज्यभर गाजलेल्या थोरात-विखे वैराचा नकाशाच इथे पाहायला मिळतो.

तालुक्याचे आरंभीचे राजकारण डाव्या वळणाचे होते. जवळे कडलगचे दत्ता देशमुख हे शेतकरी-कामगार चळवळीचे आणि पाणीप्रश्नाचे जाणकार नेते इथलेच. पुढे काँग्रेसचा जम बसला तो धांदरफळचे वकील बी. जे. खताळ पाटील यांच्यामुळे. 1962, 1967, 1972 आणि 1980 असे चार वेळा ते निवडून आले, मंत्री झाले आणि नंतर निवडणुकीच्या राजकारणातून स्वतःहून बाजूला झाले. वयाची शंभरी ओलांडून 2019 मध्ये त्यांचे निधन झाले. मधल्या 1978 च्या निवडणुकीत स्वातंत्र्यसैनिक आणि सहकारातले कार्यकर्ते भाऊसाहेब थोरात विजयी झाले. 1962 पासून 2024 पर्यंतची प्रत्येक निवडणूक खताळ किंवा थोरात आडनावाच्या उमेदवारानेच जिंकली आहे. पक्ष, चिन्हे आणि लाटा बदलत गेल्या, तरी हे बदलले नाही.

1985 मध्ये काँग्रेसने उमेदवारी नाकारली, तेव्हा भाऊसाहेबांचे चिरंजीव बाळासाहेब अपक्ष उभे राहिले आणि जिंकले. त्यानंतर काँग्रेसकडून त्यांनी 1990 ते 2019 अशा सलग सात निवडणुका जिंकल्या. 1999 मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली आणि जिल्ह्यातली बरीच मंडळी शरद पवारांबरोबर गेली. थोरात मात्र मूळ पक्षातच राहिले. कृषी, महसूल ही खाती त्यांनी सांभाळली, तर 2019 ते 2021 या काळात ते प्रदेशाध्यक्ष होते. या विजयांचे श्रेय पक्षापेक्षा संस्थांना द्यावे लागते. साखर कारखाना, तालुका दूध संघाचा ‘राजहंस’, अमृतवाहिनीची महाविद्यालये, पतसंस्था : ऊसतोडीपासून दूध संकलनापर्यंत तालुक्यातल्या बहुतेक घरांचा या यंत्रणेशी रोजचा संबंध येतो. विरोधकाला अशी दुसरी यंत्रणा उभी करता आली नव्हती. 2019 मध्ये थोरातांना 1,25,380, तर शिवसेनेचे साहेबराव नवले यांना 63,128 मते पडली, मताधिक्य 62,252.

पाणी हा इथला कायमचा प्रचाराचा मुद्दा. 1926 मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या आवर्तनावर नदीकाठ पिकला, पण तळेगाव दिघे परिसर आणि पठार कोरडेच राहिले. निळवंडे धरणाला 1970 मध्ये मान्यता मिळाली, तरी डाव्या कालव्याचे लोकार्पण पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले ते थेट ऑक्टोबर 2023 मध्ये, शिर्डीच्या कार्यक्रमात. ‘कालवे कोणी केले’ यावर दोन्ही बाजू अजून हमरीतुमरीवर येतात. धरणासाठी थोरातांनी केलेला पाठपुरावा नाकारता येणार नाही. मात्र कालव्यात पाणी आले तेव्हा राज्यात सरकार महायुतीचे होते, हेही तितकेच खरे.

2024 मध्ये भाजपचे सुजय विखे इथून लढणार अशी हवा होती. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या धांदरफळच्या सभेत एका वक्त्याने थोरातांच्या कन्येविषयी आक्षेपार्ह विधान केले आणि तालुका पेटला. जागा शेवटी शिंदेंच्या शिवसेनेला सुटली आणि अमोल खताळ हे नवखे उमेदवार मैदानात उतरले. 23 नोव्हेंबरच्या निकालात खताळ यांना 1,12,386 आणि थोरातांना 1,01,826 मते मिळाली, फरक 10,560. थोरातांची मते पाच वर्षांत साडेतेवीस हजारांनी घटली, तर विरोधी उमेदवाराची जवळपास पन्नास हजारांनी वाढली. त्यामुळे थोरातांचे मतदार फुटले एवढे म्हणून हा निकाल उलगडत नाही. त्या निवडणुकीत जिल्ह्यातल्या 12 पैकी 10 जागा महायुतीने जिंकल्या. काँग्रेसच्या हाती श्रीरामपूर ही एकच जागा राहिली.