सामायिक लोहमार्गावरील लाईट रेल सवलत

सामायिक लोहमार्गावरील लाईट रेल सवलत ही अमेरिकेचे फेडरल रेल्वे प्रशासन (एफआरए) सुरक्षा नियमांतून देत असलेली सशर्त सूट आहे. मालगाड्यांच्या मार्गावर लाईट रेल चालवण्यासाठी ती घेतली जाते.

पार्श्वभूमी

एफआरएच्या पारंपरिक निकषानुसार प्रवासी डब्याच्या सांगाड्याने ८,००,००० पाउंड (सुमारे ३६३ टन) दाब कायमस्वरूपी न वाकता सहन करणे आवश्यक असते. लाईट रेलचे डबे याहून बरेच कमी मजबूत असतात. त्यामुळे मालगाडीशी टक्कर झाल्यास प्रवाशांच्या जिवास मोठा धोका संभवतो.

अटी

सवलत लोकहिताची आणि रेल्वे सुरक्षेशी सुसंगत असावी लागते. अर्जाची सूचना 'फेडरल रजिस्टर' या राजपत्रात प्रसिद्ध होते. एफआरए व फेडरल ट्रान्झिट प्रशासन यांनी २००० साली याविषयी संयुक्त धोरण जाहीर केले. कालविभाजन, म्हणजे दोन्ही प्रकारच्या गाड्या वेगवेगळ्या वेळी चालवणे, हा त्यातील मुख्य उपाय आहे.

उदाहरणे

सॅन डिएगो ट्रॉलीच्या मार्गावर १९८१ पासून मालगाड्या रात्री धावत. न्यू जर्सीत कॅम्डेन ते ट्रेंटन धावणारी रिव्हर लाईन १४ मार्च २००४ रोजी याच तत्त्वावर सुरू झाली. या पद्धतीत टक्कर टळते, परंतु रात्री उशिरा प्रवासी सेवा देता येत नाही आणि मालवाहतुकीस मोजकेच तास उरतात.

नंतरचे बदल

टक्करीची ऊर्जा शोषणाऱ्या रचनेचे पर्यायी निकष २०१८ मध्ये नियमांत समाविष्ट झाले. ते पूर्ण करणाऱ्या गाड्यांना मालगाड्यांसोबत एकाच वेळी धावता येते. इतर लाईट रेलसाठी कालविभाजनाचे महत्त्व कायम आहे.