ड्रायव्हर : एका दडवलेल्या संहितेचा इतिहास

मराठीत संगणकाविषयी लिहू पाहणाऱ्याची लेखणी 'ड्रायव्हर' या शब्दापाशी अडखळते. 'चालक' म्हणावे तर एस.टी.चा चालक डोळ्यांपुढे येतो आणि नेमका अर्थ निसटतो. मालवण किनाऱ्यावर मात्र या कामाला अधिक जवळचा शब्द आहे : तांडेल. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र पाण्याखालच्या खडकांनी भरलेला आहे. १६६४ साली कुरटे बेटाची निवड झाली, त्यामागे या खडकांचे नैसर्गिक संरक्षण हेही एक कारण मानले जाते. होडी कितीही भक्कम असली तरी खडक कोठे आणि वाट कोठे हे जाणणारा तांडेल नसेल तर ती बंदराला लागत नाही. संगणकाची कार्यप्रणाली आणि वायरलेस कार्ड यांच्यामध्ये ड्रायव्हर हेच काम करतो. कार्डाच्या कोणत्या कप्प्यात कोणता अंक लिहिला असता त्यातला रेडिओ जागा होतो, हे त्यालाच ठाऊक असते.

हे ज्ञान कोणाच्या मालकीचे, हा या इतिहासातला मूळ प्रश्न होय. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांना झेरॉक्स कंपनीच्या प्रिंटरच्या प्रणालीत सुधारणा करावयाची होती. तिची मूळ संहिता त्यांना नाकारण्यात आली. या अनुभवाचा वाटा पुढे १९८३ साली त्यांनी घोषित केलेल्या 'ग्नू' प्रकल्पात आहे. १९९१ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला आणि वाचता येईल, बदलता येईल अशी संपूर्ण कार्यप्रणाली आकाराला आली. मात्र गाभा खुला झाला तरी यंत्राचे भाग बनवणाऱ्या कंपन्या खुल्या झाल्या नव्हत्या.

वायरलेस कार्डांच्या बाबतीत ही अडचण सर्वांत तीव्र झाली. ८०२.११ हे मानक १९९७ साली आले. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरील वापरासाठीही जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि वाय-फाय हळूहळू आपल्याकडे रुळले. परंतु ब्रॉडकॉमसारख्या कंपन्या आपल्या चिपची माहिती देत नसत. व्यापारी गुपित हे एक कारण. रेडिओची शक्ती आणि वारंवारता वापरणाऱ्याच्या हाती गेल्यास नियमभंग होईल, हे दुसरे. परिणाम एकच : लिनक्स बसवलेल्या संगणकात कार्ड असूनही ते मुके राही.

यावर पहिला उपाय दुभाष्याचा होता. २००३-०४ च्या सुमारास आलेला 'एनडीआयएस-रॅपर' विंडोजसाठी लिहिलेला ड्रायव्हर जसाच्या तसा उचलून लिनक्समध्ये चालवी. काम भागे, पण ड्रायव्हर बिघडला तर आत डोकावण्याची सोय नसे. दुभाष्याला पोथीचा अर्थ सांगता येत होता, पोथी मात्र बंदच होती.

दुसरा उपाय साहित्याच्या अभ्यासकाला विशेष रस वाटावा असा आहे. काही स्वयंसेवकांनी ब्रॉडकॉमचा बंद ड्रायव्हर उलगडून त्याचे वर्तन शब्दांत नोंदवले : अमुक कप्प्यात अमुक मूल्य लिहिले जाते, मग अमुक काळ थांबले जाते. दुसऱ्या गटाने तो मूळ ड्रायव्हर न पाहता केवळ या वर्णनावरून नवी संहिता लिहिली. आशय घ्यावा पण अभिव्यक्ती उचलू नये, हा स्वामित्व-हक्काच्या कायद्यातला भेद येथे दोन गटांमधली भिंत होऊन उभा राहिला. जून २००६ मध्ये लिनक्सच्या २.६.१७ या आवृत्तीत हा ड्रायव्हर दाखल झाला. जानेवारी २००८ च्या २.६.२४ मध्ये त्याची जागा 'बी४३' या सुधारित ड्रायव्हरने घेतली.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा त्यांच्यापुढे अनेक पाठ होते आणि त्यात कोणी आपली ओवी मिसळू नये अशी त्यांची ताकीद होती. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांची चिंता नेमकी उलट होती : आपल्या लेखनात मूळ संहितेतली एकही ओळ येता कामा नये. दोन्हीकडे कसोटी प्रामाणिकपणाचीच. एप्रिल २००७ मध्ये तिची परीक्षाही झाली. ओपनबीएसडी या दुसऱ्या मुक्त प्रणालीतील ब्रॉडकॉम ड्रायव्हरमध्ये आपली संहिता परवान्याच्या अटी न पाळता घेतल्याची जाहीर तक्रार लिनक्सच्या लेखकांनी केली. ती जाहीरपणे करावी की खासगीत, यावर मोठा वाद झाला आणि तो ड्रायव्हर काढून घेण्यात आला. 'मुक्त' म्हणजे निर्नायकी नव्हे, हे या प्रसंगाने अधोरेखित केले.

सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमने आपल्या नव्या चिपसाठी स्वतःच खुला ड्रायव्हर प्रसिद्ध केला. तथापि विजय अपुराच आहे. कार्डाच्या आत चालणारे फर्मवेअर आजही बहुधा बंद असते. बी४३ वापरणाऱ्याला तर ते ब्रॉडकॉमच्या बंद ड्रायव्हरमधून एका साधनाने कापून काढावे लागे, कारण ते वाटण्याची परवानगीच नव्हती. खुलेपणाबाबत काटेकोर असलेल्या डेबियननेही २०२२ च्या मतदानानंतर आपल्या स्थापना-संचात असे बंद फर्मवेअर घेतले आणि जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून नवख्याची वाट सोपी झाली. तत्त्वाला मुरड घातली गेली, हे मात्र नोंदवायलाच हवे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार संपला. सिंधुदुर्गातल्या शाळा-महाविद्यालयांत असोत की अन्यत्र, जुने पण धडधाकट संगणक भंगारात काढायचे की लिनक्स घालून विद्यार्थ्यांपुढे ठेवायचे, हा आता आपला प्रश्न आहे. त्याचे उत्तर पुष्कळदा त्या नखाएवढ्या चिपवर ठरते : तिचा ड्रायव्हर कोणीतरी लिहून सर्वांसाठी ठेवला आहे काय? म्हणून यंत्र घेण्यापूर्वी चिपचे नाव आणि क्रमांक पाहून घ्यावा, आणि या अनाम वाटणाऱ्या संहितांनाही लेखक असतात हे विद्यार्थ्यांना सांगावे. पाठचिकित्सा शिकवणाऱ्याला हा धडा परका वाटू नये.