उन्हाचा बंदोबस्त

1905 साली वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका यवतमाळास जोडला गेला, हे सरकारी दप्तरात सापडते. परंतु वऱ्हाडच्या तालुक्यांच्या गावी छायाचित्रणाचा धंदा कसा रुजला, हे मात्र जुन्या घरांच्या भिंतींवरील तसबिरी निरखूनच ताडावे लागते. पूस नदीकाठच्या या मुलखात प्रकाशाची वाण कधीच नव्हती. अडचण होती ती त्याच्या अतिरेकाची.

सूर्य नेहमी छायाचित्रकाराच्या पाठीशी असावा, हा विलायती पुस्तिकांचा दंडक सौम्य उन्हाच्या देशात खुशाल चालावा. वैशाखात तो येथे पाळला, तर समोरच्या मंडळींचे डोळे मिटतात, आणि सूर्य माथ्यावर येताच डोळ्यांच्या खोबणीत व पागोट्याच्या घेराखाली काळोख दाटतो. त्यातून पांढरेशुभ्र धोतर आणि सावळी मुद्रा एकाच काचेवर उतरवायची, म्हणजे धोतर सावरावे तर चेहरा बुडे आणि चेहरा सावरावा तर निऱ्या नाहीशा होऊन निव्वळ पांढरा डाग उरे. तांबडा रंग तर त्या काळच्या काचांना जवळजवळ दिसतच नसे, म्हणून सौभाग्यवतीचे कुंकू काळेकुट्ट उमटे. पुसद परिसरातील तांड्यांवरच्या बंजारा स्त्रियांच्या कांचळीवरील आरशांनी छायाचित्रकाराची किती त्रेधा उडवली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

यावर उपाय निघाले ते अत्यंत अल्प खर्चाचे, आणि माझ्या मते या व्यवसायाचे खरे चातुर्य महागड्या भिंगांपेक्षा त्यांतच दिसते. डोक्यावर मांजरपाटाचे कापड ताणले की ऊन गाळले जाऊन, मऊ होऊन खाली उतरते. पडवीच्या सावलीत खुर्ची मांडून समोरच्या चुनेगच्ची भिंतीवरून परतणारा उजेड तोंडावर घेतला की खोबणीतील काळोख विरतो. आणि भिंत नसेल तेथे पुठ्ठ्यावर बेगड चिकटवून तो बाजूला धरला की भागते. हीच विद्या चित्रपटांनीही उचलली. दादासाहेब फाळके यांचा 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' दिवसाच्या उजेडावरच चित्रित झाला, आणि मूकपटांच्या त्या युगात कापडाचे छत व चंदेरी फळ्या हे चित्रणस्थळाचे नित्याचे साहित्य होते. (त्याच वर्षी पुसद तालुक्यातील गहुली येथे वसंतराव नाईकांचा जन्म झाला, पुढे मुख्यमंत्री म्हणून त्यांच्याइतके भर उन्हात छायाचित्रकारांना सामोरे गेलेले वऱ्हाडी गृहस्थ थोडेच असतील.)

पुढे स्वस्त पेटी-कॅमेरे घरोघर आले. त्यांवर ऊन आणि ढग अशा खुणा असत. तथापि खूण फिरवून उजेड कमीजास्त होतो, सावलीचा कठोरपणा जात नाही. फ्लॅशचा बल्ब भर दुपारी पेटवून ती सावली भरता येई खरी. पण तो एका चित्रापुरताच कामी येऊन वाया जाई, आणि ही चैन तालुक्याच्या धंद्याला परवडण्याजोगी नव्हती. बेगड फाटले, तर लग्नाच्या मखरातून उरलेला तुकडा पुन्हा पुठ्ठ्यावर डकवता येई.