तंबोऱ्याची पारख

काशीच्या अहिल्याबाई घाटावर पहाटे उभे राहिले की प्रथम नजरेत भरतो तो पायऱ्यांचा दगड. पूर्वी केवलगिरी घाट म्हणून ओळखली जाणारी ही जागा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अहिल्याबाई होळकरांनी बांधून काढली. दर पावसाळ्यात गंगा या पायऱ्या पोटात घेते आणि शरदात त्या पुन्हा उघड्या पडतात. याच काशीत १८३० च्या सुमारास बायजाबाई शिंदे यांनी उभारलेला घाट अधिक डौलदार होता. परंतु त्याचा भार खालच्या भूमीला पेलवला नाही आणि तो खचला. खर्चात कोणी हात आखडता घेतला होता, असे नव्हे. डोळ्यांना दिसणारे वैभव आणि पाण्याखालचा पाया या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

वाद्याची किंमत आणि वाद्याचा गुण यांचे नाते असेच फसवे असते. महाराष्ट्रात या पारखीची जुनी शाळा म्हणजे मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथील शिकलगार घराण्यांकडे शस्त्रांना धार लावण्याचे काम होते. तलवारीचे दिवस सरले, तेव्हा फरीदसाहेबांनी तोच कसबी हात तंतुवाद्यांकडे वळवला. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने मिरजेत गवयांची ये-जा होती. त्यांची वाद्ये दुरुस्त करता करता नवी वाद्येही घडू लागली. पुढे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेस स्थायिक झाले. १९३७ साली दिवंगत झालेला हा थोर गायक स्वतः वाद्यदुरुस्तीत निष्णात होता. घडवणारा आणि गाणारा एकमेकांच्या इतक्या जवळ आल्यामुळेच मिरजेच्या तंबोऱ्याला कीर्ती लाभली.

तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतो. तो चांगला वाळलेला व सर्वत्र सारख्या जाडीचा हवा. त्यावर बसणारी तबली तुणासारख्या हलक्या लाकडाची असते. ती जाड राहिली तर आवाज कोंडतो, फार पातळ झाली तर तारांच्या ताणाने दबते. जाणता माणूस दांडीच्या टोकाला डोळा लावून ती सरळ आहे ना, हे पाहतो. दांडी आणि भोपळा जेथे जुळतात तो सांधा बोटांनी चाचपतो. खुंटी फिरवून ती सुटत तर नाही ना, याची खात्री करून घेतो. नक्षीकडे तो सर्वांत शेवटी वळतो. वेलबुट्टीने किंमत वाढते, पण स्वरात तिची भर पडत नाही.

खरी परीक्षा जवारीची. घोडीचा पसरट माथा कानशीने अतिशय मंद उतार देऊन घासलेला असतो. कंप पावणारी तार त्यावर हलकेच टेकत राहते आणि तिच्याखाली सरकवलेला सुती वा रेशमी दोरा तो स्पर्श नेमका साधतो. जवारी जमली की खर्जाच्या तारेतून कोणीही न छेडलेला गांधार ऐकू येतो. यंग व हेल्महोल्ट्झ यांच्या नियमाप्रमाणे, तार जेथे छेडावी तेथे ज्यांचा स्थिरबिंदू पडतो ते अंशस्वर उमटू नयेत. तंबोऱ्यात मात्र ते स्पष्ट उमटतात आणि याचे मर्म घोडीच्या माथ्यात आहे, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले. शास्त्रज्ञाने पुढे सिद्ध केलेले तत्त्व कारागिराने आधीच कानाने पकडले होते.

विजेच्या गिटारीशी तुलना केली तर हा भेद अधिक उजळतो. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत रूढ झालेल्या या वाद्यात पोलादी तारेचे कंपन चुंबक व तारेचे वेटोळे टिपून घेतात आणि ध्वनी वाढवण्याचे काम यंत्र करते. भरीव लाकडाचा तिचा ठोकळा पोकळ भोपळ्यासारखा गुंजत नाही. म्हणून तेथे स्वस्त आणि महाग यांची कसोटी पडद्यांची घडाई, मानेचा सरळपणा, खुंट्यांची पकड यांवर अधिक अवलंबून असते. स्वस्त गिटारीचे चुंबक बदलता येतात, यंत्र बदलता येते. तंबोऱ्यात हा आसरा नाही. जे घडले तेच वाजते.

म्हणूनच नवशिक्याला स्वस्तात मिळालेला सदोष तंबोरा अखेर महाग पडतो. ज्या षड्जावर तो रोज बसतो, तोच डळमळीत असेल तर त्याचा कानही डळमळीत घडतो. उलट साधा, बिननक्षीचा, पण जवारी साधलेला तंबोरा थोड्या पैशांत आयुष्यभराची सोबत करतो. आज विजेवरचा तंबोरा घरोघरी आहे. तो सोयीचा आहे, कधी उतरत नाही. पण तंबोरा लावता लावता कान घडतो, ते शिक्षण त्यातून मिळत नाही. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाचे रक्षण होईल. जवारी काढणारा कान मात्र कायद्याने राखता येत नाही. तो गुरूपासून शिष्याकडे, बापापासून लेकाकडेच जातो. पोराने कानस हाती घ्यावी एवढी मिळकत त्या धंद्यात राहिली, तरच तो टिकेल.

अहिल्याबाईंचा घाट आजही उभा आहे तो पाण्याखाली केलेल्या कामाच्या बळावर. तंबोऱ्याचे मोलही असेच, घोडीच्या माथ्यावरच्या त्या नजरेला न दिसणाऱ्या उतारात दडलेले असते.