उल्हासनगरच्या ८५५ इमारती: निकालाच्या पुढे वाचा

भ्रष्टाचारविरोधी लढ्यावर प्रबंध लिहायचा म्हटलं की आपण थेट २०११ च्या दिल्लीत पोहोचतो. जरा शहाडला उतरून बघा. शेजारच्या उल्हासनगरात नागरिकांनी हायकोर्ट गाठलं आणि जनहित याचिकेवर २००५ मध्ये ८५५ बेकायदा इमारती पाडायचा आदेश मिळवला. जिंकले? थांबा. त्या इमारतींत माणसं राहत होती. पालिकेच्या डोळ्यांदेखत उभ्या राहिलेल्या घरांत त्यांनी आयुष्याची कमाई घातलेली. त्यांचाही राग खराच होता. मग २००६ मध्ये राज्याने खास उल्हासनगरसाठी बांधकामं नियमित करणारा कायदा केला. म्हणजे दबाव दोन्हीकडून आला, आणि माझ्या मते दुसरा जड ठरला.

तुमच्या संशोधनाचा खरा प्रश्न इथे सुरू होतो: हे बांधकाम होऊ देणाऱ्या अधिकाऱ्यांचं काय झालं? निकाल आणि कायदा शेजारी ठेवून वाचा. मग पालिकेत १० रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. अर्जात ‘का’ विचारू नका, सरळ टाळतात. कारवाईच्या आदेशांच्या प्रती मागा, वर्षानुसार.