श्रवणबेळगोळची महामूर्ति आणि तिच्या पायांशीं असलेला मराठी लेख

कर्नाटकांत, हासन जिल्ह्याच्या चन्नरायपट्टण तालुक्यांत, श्रवणबेळगोळ हें एक लहानसें गांव आहे. गांवालगतच्या विंध्यगिरि नामक टेकडीवर गोमटेश्वराची सुमारें ५७ फूट उंचीची, एकाच शिळेंतून कोरलेली मूर्ति उभी आहे. रस्त्यानें जाणाऱ्या वाटसरूस ती दुरूनच दिसूं लागते, आणि तिच्याकरितांच या आडगांवाकडे वर्षभर प्रवाशांची रीघ असते. सामान्यतः बारा वर्षांनीं होणारा महामस्तकाभिषेक इ. स. २०१८ मध्यें झाला.

सहाशेंहून अधिक पायऱ्या चढून आलेल्या यात्रेकरूची दृष्टि मूर्तीच्या मुखाकडे जावी हें स्वाभाविक आहे. परंतु आमच्या वाचकांसाठीं खरी मोलाची वस्तु तिच्या पायांशीं आहे.

गंगवंशीय राजा राचमल्ल याचा मंत्री चामुंडराय यानें सुमारें इ. स. ९८१ मध्यें ही मूर्ति घडविली. ही गोष्ट मूर्तीच्या पायांशीं कानडी, तमिळ व मराठी अशा तीन भाषांत कोरलेली आहे. मराठी ओळ नागरी लिपींत असून ती ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ अशी आहे. तिच्या जोडीस ‘श्रीगंगराजें सुत्तालें करवियलें’ अशी दुसरी ओळ आहे. हा गंगराज म्हणजे होयसळ राजा विष्णुवर्धन याचा सेनापति होय. त्यानें मूर्तीभोंवतीं आवार बांधिलें; आज टेकडीखालून मूर्तीचा केवळ वरचा भाग दिसतो, तो या आवारामुळेंच.

पहिली ओळ मूर्तीच्या काळाची मानून हाच मराठीचा आद्य शिलालेख, असें दीर्घकाळ सांगितलें गेलें. परंतु दोन्ही मराठी ओळींतील अक्षरांचें वळण एकच आहे, आणि गंगराजाचें काम बाराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांतील, सुमारें इ. स. १११७ चें आहे. तेव्हां दोन्ही ओळी गंगराजाच्या वेळीं एकदमच कोरल्या गेल्या, हें मत आम्हांस ग्राह्य वाटतें. अलिबागेजवळील आक्षी येथील लेखांत डॉ. शं. गो. तुळपुळे यांनीं शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, हा काल वाचला. तो मान्य केल्यास आद्यत्वाचा मान तिकडे जातो.

तथापि एवढ्यानें बेळगोळच्या लेखाचें महत्त्व उणें होत नाहीं. कानडी मुलखाच्या मध्यभागीं मराठी ओळ कोणासाठीं कोरली, हा प्रश्न आद्यत्वाच्या वादाहून अधिक फलदायी आहे. या ओळीवरून मराठी भाषेची सीमा तेथवर नेणें आम्हांस मान्य नाहीं. ‘करवियलें’ हें रूप अस्सल मराठी आहे. ‘सुत्तालें’ हा शब्द मात्र ‘भोंवतालचें’ या अर्थाच्या कानडी ‘सुत्त’ पासून आलेला आहे. म्हणजे कोरविणारा स्थानिक परिभाषा जाणणारा, आणि वाचणारा दुरून आलेला, असें अनुमान होतें. चामुंडराय व गंगराज यांचीं नांवें मराठी यात्रेकरूंसही कळावीं, एवढाच यांतील हेतु दिसतो. तसें असेल तर आठशें-नऊशें वर्षांपूर्वींच येथें मराठी बोलणाऱ्या यात्रेकरूंची वर्दळ इतकी होती कीं त्यांच्या भाषेंत दगड कोरणें अगत्याचें वाटलें. राजांच्या स्वाऱ्या ताम्रपटांतून कळतात. सामान्य माणसांच्या वाटा अशा एखाद्या ओळींतूनच कळतात.

बेळगोळ येथें पांचशेंहून अधिक शिलालेख आहेत, आणि त्यांत उत्तरेकडील यात्रेकरूंनीं नागरींत कोरलेले लहान लहान लेखही आहेत. पुष्कळांत नांवगांवापलीकडे कांहीं नसल्यामुळें ते उपेक्षिले जातात. त्यांतील मराठी वळणाच्या लेखांचे ठसे एकत्र लावून पाहिले, तर वरील अनुमान पुष्ट होईल किंवा ढांसळेल. दोहोंपैकीं कांहींही झालें तरी इतिहासाचा लाभच आहे. हें काम ज्यांस सोईचें असेल त्यांनीं अवश्य हातीं घ्यावें, अशी आमची विनंति आहे.