गोल कोपऱ्यांचं कुळ

जावा या प्रोग्रामिंग भाषेत ‘ड्रॉ-राउंड-रेक्ट’ लिहून कंसात सहा आकडे दिले की खिडकीत गोल कोपऱ्यांचा चौकोन उमटतो. दोन आकडे जागेचे, दोन रुंदी-उंचीचे आणि चक्क दोन कोपऱ्याच्या गोलाईचे. कोपऱ्यांचे एवढे लाड कशासाठी?

त्यासाठी १९८१ सालात, ॲपलमध्ये जावं लागतं. तिथला प्रोग्रामर बिल ॲटकिन्सन पडद्यावर आकृत्या काढणारा ‘क्विकड्रॉ’ लिहीत होता. त्याच्या मशीनमधल्या ६८००० चिपला दशांश अपूर्णांकांचं गणित येत नव्हतं. वर्तुळाला तर वर्गमूळ लागतं. ॲटकिन्सनने विषम संख्या नुसत्या मिळवत नेल्या: १, मग १ अधिक ३ म्हणजे ४, त्यात ५ म्हणजे ९. वर्ग आपोआप हाती येत गेले आणि पडद्यावर भराभर वर्तुळं पडू लागली. सहकारी अँडी हर्ट्झफेल्डने पुढचा प्रसंग लिहून ठेवलाय. स्टीव्ह जॉब्झने विचारलं, गोल कोपऱ्यांचे चौकोन? ॲटकिन्सन म्हणाला, अवघड आहे, गरजही नाही. जॉब्झने त्याला बाहेर फिरवून आणलं आणि गोल कोपऱ्यांची ‘नो पार्किंग’ची पाटी दाखवली. दुसऱ्या दिवशी गोल कोपरे तयार! (हट्टी साहेबाचा असा उपयोग क्वचितच होतो.) क्विकड्रॉमधला ‘फ्रेम-राउंड-रेक्ट’ तो हाच. विंडोजमध्येही ‘राउंड-रेक्ट’ आला. जावाचा त्याच कुळातला.

नुसत्या बेरजेवर भागवण्याची ही काटकसर मात्र त्याहून जुनी. १९६२ मध्ये आयबीएमच्या जॅक ब्रेझनहॅमसमोर कागदावर रेघा ओढणारा प्लॉटर होता. त्याचं पेन एका वेळी एकच पाऊल टाकणार, तेही आठच दिशांनी. मग तिरकी रेघ कशी ओढायची? ब्रेझनहॅमने वाण्याच्या वहीसारखी चुकांची बाकी मांडली: प्रत्येक पावलाला खरी रेघ किती दूर राहिली ते जमेला धरायचं आणि बाकीचं चिन्ह पाहून सरळ जायचं की तिरकं ते ठरवायचं. सगळा हिशेब पूर्णांकांत, बेरीज-वजाबाकीवर. आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या कित्येक पिढ्यांनी हीच रीत टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर टाइप करून जर्नलवर सही मिळवली.

जावाच्या खिडकीतली एक खोड मात्र जुन्या ट्यूबच्या पडद्यांकडून आली. त्यांतला इलेक्ट्रॉनचा झोत डाव्या वरच्या कोपऱ्यातून निघून एकेक ओळ खाली उतरायचा. म्हणून शाळेच्या आलेखवहीत वर चढणारा ‘वाय’ खिडकीत खाली जातो, आणि नवशिक्याने वहीतले बिंदू तसेच उतरवले की त्याचा पहिला त्रिकोण डोक्यावर उभा राहतो.